पंचाची खुर्ची

आज सकाळी दार उघडलं आणि धुराचा वास आत आला. चुलीचा धूर वर जातो, राबाचा धूर जमीन सोडत नाही. बांधावरून सरपटत येतो, ओट्याच्या पायरीपाशी जरा थांबतो आणि मग ओळखीच्या माणसासारखा घरात शिरतो. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, तो तुकडा आम्ही पावसाच्या आधी भाजून घेतो. तोच राब. खाली शेण, त्यावर ऐनाच्या फांद्या, त्यावर पाचोळा आणि पेंढा, आणि सगळ्यात वर बारीक माती. शहरातले पाहुणे विचारतात, माती कशाला? माती नसली तर भडका उडतो आणि घटकेत खेळ खलास. माती असली की आग आतल्या आत चालते, दिवसभर, कुणाला न दिसता. जमिनीत ऊब मुरते.

फाल्गुन संपत आला की कर्जतच्या या डोंगराखालच्या पट्ट्यात जिकडे बघावं तिकडे निळसर धूर. आणि नेमक्या त्याच दिवसांत पोरांच्या परीक्षा. माझ्या डोक्यात दोन्ही आता एकच झालेत. धुराचा वास आला की मला पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज येतो. तीन वर्षं झाली, माझी नात मेधा अभ्यासाच्या सुट्टीत घरी आली होती आणि याच ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसायची. तिच्या पुस्तकांवर राबाची राख बारीक बारीक येऊन पडायची. ती फुंकर मारायची आणि पुढे वाचायची. त्या एका महिन्यात मी जेवढा जागा झालो तेवढा सत्तर वर्षांत झालो नव्हतो.

मी चौथी शिकलेला. पास की नापास ते माहीत नाही, निकालाच्या दिवशी मी गुरांमागे होतो. पण सही येते. माझ्या बापाने जन्मभर अंगठा उठवला. आमच्या आळीत सही करणारा पहिला माणूस मी. ती मी शाळेत नाही शिकलो. नदीच्या ओल्या रेतीत काठीने गिरवली. पाणी यायचं, पुसून न्यायचं, मी परत काढायचो. आजही माझी सही बघा, शेवटच्या अक्षराची शेपटी अशी लांब जाते की कागद कमी पडतो. आमची मंडळी म्हणते, "सही कसली, बैलाची शेपूटच ती." म्हणू दे.

मेधाने गुन्हेशास्त्र घेतलं तेव्हा पहिले तीन महिने मी गावभर सांगत सुटलो की नात फौजदार होणार. चहाच्या टपरीवर गणू बसलेला असतो, माझ्याच वयाचा, तोंडाचा फाटका. तो म्हणायचा, "काय रं, नात फौजदार झाली म्हंजी पयला तुलाच आत घालंल. माजी काकडी कुनी नेली हुती ते सांगू का तिला?" सगळे हसायचे, मीही हसायचो. छाती मात्र फुगलेली असायची.

त्या सुट्टीत मेधाने माझी फुगलेली छाती हळूच खाली आणली. शेंगा सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "आबा, फौजदारच व्हायचं असं काही नसतं त्यात. कुणी स्पर्धा परीक्षा देऊन पोलिसात जातं, बरोबर. पण कुणी तुरुंगात कैद्यांबरोबर काम करतं, कुणी सुधारगृहातल्या मुलांबरोबर. कुणी ज्यांच्यावर गुन्हा झाला त्यांना धरून उभं राहतं. कुणी बँकेतली फसवणूक शोधतं, कुणी नुसतं संशोधन करतं, की माणूस गुन्हा करतो का, आणि न केलेला त्याच्या नावावर चढतो कसा."

शेवटचं वाक्य तिने सहज म्हटलं. माझ्या हातातली शेंग सोलायची राहिली.

"न केलेला कसा चढंल?" मी म्हटलं. "कोर्ट काय झोपलेलं असतं?"

"कोर्ट कागद बघतं आबा. कागदावर कुणीतरी सही केलेली असते."

आमची मंडळी चुलीपाशी होती. तिचे कान नको तेव्हा तिखट. म्हणाली, "सहीचं काय इचारतीस गं, ह्यांना इचार. ह्यांचा हात सहीसाठी नुसता शिवशिवायचा. पोलिसाची फटफटी दिसली की हे धोतर झटकून तयार!"

खरं होतं ते. पंच म्हणून मी किती वेळा गेलो ते मला आठवत नाही. चोरी झाली, मारामारी झाली, विहिरीत कुणी पडलं, की हवालदार यायचा आणि दोन माणसं पंच म्हणून बोलवायचा. त्यांच्या डोळ्यांदेखत काय सापडलं ते लिहायचं, त्यावर त्यांची सही. गावात सही येणारे थोडे, त्यात वेळेवर हजर होणारा मी एकटा. पण खरी गोष्ट ती नाही. खरी गोष्ट खुर्ची. आमच्या आळीतल्या माणसाला तोवर गावात कुणी खुर्ची दिली नव्हती. आम्ही पायरीवर, नाहीतर जोत्याच्या कडेला. हवालदार मात्र पाटलाच्या घरून खुर्ची मागवायचा, झाडाखाली ठेवायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचा, "या पंच, बसा." लाकडी, हाताची, वेताने विणलेली खुर्ची. बसलं की वेत जरा दबायचा आणि किर्र करायचा. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. माझा बाप लांब उभा राहून बघायचा. त्याचे डोळे भरून यायचे.

मेधा म्हणाली, "आबा, तुमची मुलाखत घेते मी. माझा लघुप्रबंध पंचांवरच आहे. पंच म्हणून गेलेली माणसं शोधत फिरतेय आणि पंच माझ्याच घरात!" तिचा चेहरा असा उजळला होता की मी होकार दिला. मग गोठ्यात गेलो आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उगाच उभा राहिलो. म्हैस मान वळवून बघत होती.

लाखू आठवला होता.

लाखू डोंगराखालच्या कातकरी वाडीतला. वयाने माझ्याएवढाच, अंगाने बांबूच्या काडीसारखा. राब भाजावा तर त्याने. आमचा राब माझ्या बापाच्या वेळेपासून तोच लावायचा. आधी नुसता उभा राहायचा. ओलं बोट वर धरायचा, नाक वर करायचा. मला घाई. मी म्हणायचो, "लाव की रं." तो म्हणायचा, "थांब रं. वारा कुटून येतो त्ये त्याला ठरवू दे." मग वारा जिकडे जातोय त्या टोकाला खाली बसून काडी लावायचा. आग वाऱ्याच्या तोंडाकडे एक एक वीत चढत जायची, म्हातारं माणूस चढण चढतं तशी. त्याच्या राबात न भाजलेलं ढेकूळ कधी सापडलं नाही. धुरात उभा राहिला की नुसते दात दिसायचे.

चाळीसेक वर्षं होतील. नदीकाठचं पाणी खेचायचं इंजिन चोरीला गेलं. चार दिवसांनी ते लाखूच्या झोपडीजवळच्या पेंढ्याच्या उडवीत सापडलं म्हणे. मला बोलावणं आलं. वाडीजवळचा आंबा, खाली खुर्ची, या पंच बसा. हवालदार लिहीत होता. चहा आला. कागद पुढे आला. मी सही केली, शेपटी लांब ओढून. मग खटल्यात मला विचारलं, ही सही तुमची का? मी म्हटलं, माझीच. मजकूर बरोबर आहे का? मी म्हटलं, बरोबर आहे. लाखू पिंजऱ्यात उभा होता. त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं, ओलं बोट वर धरून वाऱ्याकडे बघायचा तसं. जणू माझ्याकडून काय येतंय ते बघत होता.

तो आत गेला. त्या साली आमचा राब मी लावला. वरच्या अंगाने लावला, घाईने. भडका उडाला, अर्धा तुकडा कच्चा राहिला. मी वाऱ्याला शिव्या दिल्या.

सुटून आल्यावर तो आमच्या शेतात परत आला नाही. बाजारात दिसला तर रस्त्याची दुसरी कड धरायचा. मी स्वतःला सांगायचो, चोराला लाज वाटते.

हे सगळं त्या चैत्रात वर आलं. लाखूच्या पंचनाम्याचं मी मेधाला वरवर सांगितलं. मेधाने मुलाखत ओट्यावर घेतली नाही. म्हणाली, "जागेवर जाऊ." दुपार कलली होती. घरातली प्लास्टिकची लाल खुर्ची तिने डोक्यावर घेतली आणि आम्ही वाडीच्या वाटेला लागलो. बाजूच्या शेतात कुणाचा तरी राब धुमसत होता आणि त्या धुरातून चालताना मला वाटलं, ही वाट मी अजून चाललोच नाही, आता पहिल्यांदा चालतोय. आंबा तसाच होता, जरा वाकलेला. लाखूची मुलं आता वाडीच्या पलीकडच्या अंगाला घर बांधून राहतात, पण जुन्या झोपडीचं जोतं, मागची चिंच, पुढचा उंचवटा, सगळं जागच्या जागी. मेधाने खुर्ची टेकवली.

"इथेच का आबा?"

"जरा इकडे. व्हय, तिथंच."

"बसा."

मी बसलो. प्लास्टिकची खुर्ची किर्र करत नाही.

"उडवी कुठे होती?"

"झोपडीच्या मागे. चिंचेच्या पलीकडे. उंचवट्याच्या आड, खाली."

ती माझ्या बाजूला येऊन गुडघ्यावर बसली. तिचं डोकं माझ्या डोक्याच्या उंचीला आलं. तिने माझ्या नजरेच्या रेषेत बघितलं. समोर उंचवटा होता आणि त्यावर वाळलेलं गवत. वर चिंचेचा शेंडा, बाकी आकाश.

"इंजिन किती जड होतं?"

"पोलिसांच्या गाडीत चढवायला चौघं लागले."

"आणि लाखूआजोबांबरोबर अजून कुणाला पकडलं होतं?"

"नाय. तो एकलाच."

तिने वही मिटली. पुढे एक अक्षर बोलली नाही. खुर्ची परत डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. तिने मला दोन शब्द सुनावले असते तर मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. ती गप्प राहिली ते फार वाईट झालं.

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. हट्टी आहे मी, हे माझ्या घरातला कोंबडासुद्धा सांगेल. ती ओट्यावर वाचत होती, मी गोठा झाडत होतो, परत झाडत होतो. मंडळी म्हणाली, "शेन नाय तिथं, नुसती जमीन हाय. किती झाडाल?" तिसऱ्या दिवशी सकाळी मेधा म्हणाली, "आबा, लेण्यांकडे चला ना." गेलो. कोंडाण्याच्या लेण्यांत मी लहानपणापासून जातोय, सावलीला, धबधब्याला, पौर्णिमेला. आत गेलं की बाहेरची उष्णता दारात उभी राहते. मेधाने दगडातल्या एका मूर्तीपाशी कोरलेली अक्षरं दाखवली. मी ती शंभरदा बघितली होती आणि रेघोट्या समजत होतो.

"काय लिवलंय?"

"अमक्याचा शिष्य तमका, त्याने हे केलं. एवढंच. स्वतःचं नाव."

दोन हजार वर्षं झाली म्हणाली. मी बोटाने चाचपून बघितलं. तो माणूस उन्हात, पावसात छिन्नी घेऊन बसला असेल. आधी मूर्ती केली, नंतर नाव घातलं. त्याने जे केलं त्याखाली त्याचं नाव होतं. मी जे बघितलंच नाही त्याखाली माझं होतं. माझी सही पुसायला नदीचं पाणी आलं नाही. ती कुठल्यातरी कपाटात अजून शेपटी पसरून पडली असेल.

तिथेच, त्या गारव्यात बसून, मी सांगितलं. उडवी बघितली नाही. इंजिन काढताना बघितलं नाही. गाडीत चढवताना बघितलं. लाखूने स्वतः जागा दाखवली का, ते मला माहीत नाही. कागद वाचला नाही. मेधा लिहीत होती. तिची मान खाली होती आणि मला तिचं तोंड दिसत नव्हतं, ते बरं होतं.

घरी आल्यावर तिने नीट लिहून काढलं. म्हणाली, "वाचून दाखवते." मी म्हटलं, "आण इकडे. मला येतं वाचता." दोन पानं होती. दीड दिवस लागला. ओळीखाली बोट धरून, एक एक अक्षर. जोडाक्षर आलं की थांबायचो, घोट घ्यायचो, पुढे जायचो. दुसऱ्या पानावर एका वाक्यापाशी बोट थांबलं. लिहिलं होतं, पंचाने दबावाखाली सही केली.

"हे खोटं हाय."

"आबा, दबाव म्हणजे मारलंच पाहिजे असं नाही. पोलीस, गाव, तुमची परिस्थिती..."

"परिस्थिती गेली खड्ड्यात. मला कुनी धमकावलं नाय, कुनी मारलं नाय. मला खुर्ची दिली. मी खुर्चीसाठी सही केली. तसं लिव."

ती म्हणाली, "वाचणारे तुम्हाला वाईट म्हणतील."

"म्हनू दे. पयल्यांदा सही करताना वाचलं नाय. आता वाचतोय तर खोटं कसं सोडू?"

तिने ते वाक्य खोडलं आणि मी म्हटलं तसं लिहिलं. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी उठून बाहेर गेलो, कारण अशा वेळी घरात थांबायची मला सवय नाही. प्रबंधात माझं नाव येणार नव्हतं, नुसतं एक पंच असं येणार होतं. मी तिच्याकडून दुसरी प्रत लिहून घेतली. त्यात माझं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. खाली सही केली. शेपटी आखूड ठेवली.

ती घेऊन मी एकटा वाडीत गेलो. लाखू दारात बसून बांबूच्या पट्ट्यांचा झाप विणत होता. केस कापसासारखे झालेले. उठला नाही, बस म्हणाला नाही. मी उभ्यानेच वाचून दाखवलं, अडखळत. त्याचे हात थांबले नाहीत. खुर्चीचं वाक्य आलं तेव्हा मात्र थांबले.

वाचून झालं. त्याने झापाची एक पट्टी ओढून घट्ट केली. मग म्हणाला, "तुजा बाप मेला तवा मी आलतो. लांब हुबा व्हतो. तुला दिसलो नसंन."

"नाय दिसला."

"तुला जवळचं बी दिसत न्हवतं, लांबचं कुटून दिसनार?" तो जरासा हसला, दात आता नव्हते. मग हात पुढे केला. "कागद दे."

"तुला वाचता येत नाय."

"मला कशाला वाचायचाय? मला ठावं हाय काय झालं त्ये." घरात जाऊन त्याने प्लास्टिकची पिशवी आणली. त्यात रेशनकार्ड होतं आणि बायकोचा एक फोटो. त्यात त्याने तो कागद चार घड्या करून ठेवला. म्हणाला, "कुनी इचारलं तर दावीन."

चाळीस वर्षांनंतर कोण विचारणार, हे मी बोललो नाही. त्यालाही ते कळत असणार. परतीच्या वाटेवर सगळीकडे धूर होता आणि मला पाय कुठे पडतायत ते दिसत नव्हतं. स्वप्नात चालतो तसा चाललो. माफ केलं असं तो म्हणाला नाही. मी मागितलंही नव्हतं. मागायची लाज नव्हती, पण मागितलं की त्याच्यावर आणखी एक काम पडलं असतं.

मेधा आता एका तुरुंगात जाऊन काम करते. खटला चालू असलेल्या, वाचता न येणाऱ्या माणसांना त्यांचे स्वतःचे कागद वाचून दाखवते. गणू अजून टपरीवर विचारतो, "काय रं, फौजदार कवा व्हनार?" मी म्हणतो, "ती फौजदाराच्या पुढचं शिकली." कधी दुपारी तिचा फोन येतो. "आबा, आज एकच माणूस झाला. दोन तास लागले त्याला."

"घाई नाय ना केलीस?"

"नाही केली."

बस, एवढंच बोलणं. मग ती जेवलात का विचारते.

आणि गेल्या आठवड्यातली गोष्ट. मी राबावर माती पसरत होतो. बांधावर कुणीतरी येऊन उभं राहिलं. वर बघितलं तर लाखू. हातात ती प्लास्टिकची पिशवी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा पाय माझ्या बांधाला लागला होता.

"चल," तो म्हणाला. "कुनीतरी इचारलंय."

त्याच्या नातीला साजगावकडे एका कारखान्यात पॅकिंगचं काम लागत होतं. माणसं लावणाऱ्या ठेकेदाराला आमच्याच बाजूच्या कुणीतरी सांगितलं, त्या घरात चोरी सापडलेली आहे. पोरगी रडत घरी आली. लाखूने तो कागद नेऊन दाखवला तर ठेकेदार म्हणाला, असा कागद कुणीही लिहील, सही करणारा आहे कुठे?

हात धुतले आणि निघालो. टेंपोत आम्ही दोघं समोरासमोर बसलो. खोपोलीपर्यंत त्याने पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. बाहेर शेतं, मध्येच कारखान्यांच्या भिंती, परत शेतं, आणि सगळ्यांवर तोच निळा धूर पातळ होत गेलेला.

ठेकेदाराची खोली लहान होती. तो तिशीचा माणूस, वाईट नव्हता. माझं वय बघून उठला आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा आजोबा." मी ती लाखूकडे सरकवली. लाखूने खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली. मग ती खुर्ची आमच्या दोघांच्या मध्ये तशीच रिकामी राहिली. मी कागद उघडला. घड्यांवर अक्षरं जरा पुसली होती, पण मला त्यांची गरज नव्हती. उभ्यानेच सांगितलं सगळं, पहिल्यापासून, खुर्चीसकट.

ठेकेदाराने कागद घेऊन खालची सही बघितली. मग म्हणाला, "सोमवारी पाठवा पोरीला."

येताना लाखू टेंपोतून माझ्या शेतापाशी उतरला नाही, वाडीच्या फाट्यावर उतरला. पिशवी काखेत मारली. दोन पावलं गेला, थांबला, बोट तोंडात घालून ओलं केलं आणि वर धरलं.

"उद्या वारा डोंगराकडनं यील," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "खालनं लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर बराच वेळ नुसता उभा राहिलो. मग खालच्या टोकाला जाऊन बसलो आणि काडी लावली. आग दिवसभर वाऱ्याच्या तोंडाकडे चढत राहिली, एक एक वीत.